पिकअप उचलून घेतल्यापासून स्टिअरिंग तरंगतंय, ब्रेकचाही भरवसा राहिला नाही. सुरुवात कुठून करू?

शिवार_भिलार

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी डबल कॅब पिकअप आहे. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, मागचे ब्रेक ड्रमचे. एबीएस नाही. शेतातला रस्ता पावसाळ्यात वाहून जातो आणि मधला दगड हाउसिंगला (मागच्या ॲक्सलच्या कवचाला) घासतो, म्हणून दिवाळीनंतर एका गॅरेजात गाडी उचलून, म्हणजे उंच करून घेतली. पुढे स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) ५० मिमीचा स्पेसर, मागे पाट्यांखाली ७५ मिमीचा ठोकळा. टायर २४५/७० आर १६ होते, ते काढून २६५/७५ आर १६ टाकले.

शेतात गाडी झकास चालते. हायवेला मात्र ७०च्या पुढे तरंगते, सारखं स्टिअरिंग सावरत बसावं लागतं. वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि गाडी डावीकडे ओढते. सगळ्यात जास्त काळजी पुढच्या गोष्टीची आहे: स्ट्रॉबेरीच्या ट्रे भरून पसरणी घाट उतरलो की वाईत पोचेपर्यंत पुढच्या चाकांचा जळका वास येतो. आधी असं कधीच झालं नव्हतं.

गॅरेजवाला म्हणतो, "सवय होईल." गाडीत माझ्यासोबत बायको आणि दोन मुली असतात. मला सवय करून घ्यायची नाही, दुरुस्त करायचंय. अलाइनमेंट दोनदा केली. आता पुढे मोठे डिस्क बसवा असा सल्ला मिळतोय. खर्च करू का?

गप्पिष्ट_गणोजी

घाटातून ताजी स्ट्रॉबेरी निघाली आणि वाईत जॅम उतरवला म्हणा की! हलके घ्या दादा. पण वास येतोय तोवर भरून उतरू नका, हे मात्र मनापासून सांगतो.

अक्षांश_१८

डिस्कवर एक रुपयाही घालू नका. आधी टेप घ्या.

सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. गावात याच मॉडेलची न उचललेली गाडी असेल तर तिचंही मोजा. अलाइनमेंटचा कागद असेल तर त्यातला कॅस्टरचा (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल) आकडा इथे टाका. बहुतेक ठिकाणी फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवतात आणि "झालं साहेब" म्हणतात.

हे का विचारतोय ते सांगतो. ५० मिमीचा स्पेसर टाकला म्हणजे गाडी ५० मिमी उचलली गेली असं नसतं. स्ट्रट खालच्या आर्मवर चाकाच्या बराच आत बसलेला असतो, त्यामुळे वर टाकलेला प्रत्येक मिलिमीटर चाकापाशी वाढून मिळतो, बऱ्याच गाड्यांत दीडपट ते दुप्पट. मागचा ठोकळा मात्र जेवढ्यास तेवढाच.

पाटे_कमान_मिस्त्री

बावीस वर्सं कराडात गॅरेज हाय माजं. दादा, तुमच्या गाडीत एक रोग न्हाई, तीन हायत, आन् तिन्ही एकत्र बोलायल्यात म्हणून कळंना झालंय. तरंगनं येगळं, डावीकडं वडनं येगळं, घाटातला वास येगळा. एकेक सुटा करून बगा.

एक विचारतो. मागं हाउसिंगवरून चॅसीला एक बारकी सळी जाती का? वर तिला एक व्हॉल्व्ह आसतोय. गाडी उचलताना त्या सळीचं काय केलं?

शिवार_भिलार

मिस्त्री, आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. सळी आहे. ती जवळजवळ पूर्ण ताणून खाली झुकली आहे. गॅरेजात तिला कुणी हात लावलेला दिसत नाही, जुनी माती तशीच आहे.

पाटे_कमान_मिस्त्री

मग घाटातल्या वासाचं घर सापडलं.

अक्षांश_१८

मिस्त्रींनी नेमकं बोट ठेवलं. ज्यांना ही सळी माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं लांबण लावतो.

हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, गॅरेजच्या भाषेत लोड व्हॉल्व्ह किंवा एलएसपीव्ही. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं. त्यांना पूर्ण ब्रेक दिला तर ती लॉक होतात आणि गाडीची शेपूट फिरते. भरलेल्या गाडीत उलट, मागच्या चाकांवर वजन असतं, तेव्हा त्यांच्याकडून भरपूर काम करून घेता येतं. माल भरलाय की नाही हे व्हॉल्व्हला कसं कळतं? चॅसी आणि हाउसिंग यांच्यातल्या अंतरावरून. माल भरला की पाटे बसतात, अंतर कमी होतं, सळी वर ढकलली जाते आणि मागे जास्त दाब सोडला जातो.

आता तुम्ही मध्ये ७५ मिमीचा ठोकळा घातला. माल भरल्यावर पाटे समजा ६०-७० मिमी बसले, तरी अंतर मूळच्या रिकाम्या गाडीएवढंच राहिलं. म्हणजे तुमची भरलेली गाडी त्या व्हॉल्व्हला कायम रिकामीच दिसते. मागचे ड्रम नावाला लागतात आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. नाक खाली जाणं आणि जळका वास, दोन्हीचं मूळ मुख्यतः इथे आहे.

पसरणी घाटाचा हिशेबही करून पाहिला. पाचगणी ते वाई उतार साधारण साडेपाचशे मीटर. मालासकट गाडी २६०० किलो धरली तर खाली येताना सुमारे १४० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चाळीसेक लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी ही उष्णता. काही इंजिन खातं, काही हवा. उरलेली सगळी दोन डिस्कवर आली तर वास येणारच.

सळी_प्रकरण_अनुभवी

हे वाचून राहवलं नाही. माझी गाडीही उचललेली होती आणि मलाही एकाने सळीचं सांगितलं. पण त्याने उपाय काय सांगितला? "सळी तारेने वर बांधून टाका, मागे फुल ब्रेक मिळेल." बांधली. आठवडाभर खूश होतो.

मग जुलैत कुंभार्ली घाटातून रिकामी गाडी घेऊन चिपळूणला उतरत होतो. पावसाची भुरभुर, वळणावर समोर म्हैस. ब्रेक मारला आणि मागची चाकं जागीच लॉक. गाडी आडवी होऊन डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन थांबली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर आज हे लिहायला नसतो. मला आणि म्हशीला काही झालं नाही. तार त्याच संध्याकाळी कापली.

शिवारदादा, कुणीही सांगितलं तरी सळी बांधू नका, व्हॉल्व्ह काढून सरळ पाइपही जोडू नका.

पाटे_कमान_मिस्त्री

ह्ये सोन्यासारखं बोलला भाऊ. तार बांदनारं लई हायत बाजारात.

बरोबर काम आसं: हाउसिंगवर सळी जिथं बसती तो ब्रॅकेट ठोकळ्याच्या मापानं वर घ्यायचा. ७५ चा ठोकळा तर ७५ न वर. मंजे सळीचा कोन कंपनीतनं आल्ता तसा परत येतो. जाड पट्टीचा ब्रॅकेट करा, पत्र्याचा नको, हादऱ्यानं तुटतो. मग मागच्या ड्रमचं लायनर ॲडजस्ट करून चारी चाकांच्या ब्रेक पाइपातली हवा काडा. काम झाल्यावर रिकामी आन् भरलेली, दोन्ही बारीला मोकळ्या मैदानात हळू येगात ब्रेक मारून बगा. रिकाम्या गाडीत मागची चाकं पुडच्याच्या आदी लॉक व्हायला नगंत.

नाचणीची_भाकर

मी भोरकडे दहा वर्षं पिकअप चालवते, दूध आणि पेंड दोन्हीची वाहतूक. थोडा विरोधी सूर लावते, रागावू नका.

हाउसिंग दगडाला घासतं म्हणून गाडी उचलली म्हणता. पण ठोकळ्याने हाउसिंग उचललं जात नाही! ठोकळा हाउसिंग आणि पाट्यांच्या मध्ये बसतो, वर जाते ती बॉडी. हाउसिंग जमिनीपासून वर येतं ते फक्त मोठ्या टायरने. ज्या कामासाठी खर्च केला ते काम टायरनेच झालंय, बाकी उंचीचा त्रास तेवढा पदरी पडला. माझ्या गाडीला मी फक्त खडबडीत रस्त्याचे टायर आणि खाली एक जाड पत्रा लावलाय. पावसाळा निघतो.

अक्षांश_१८

ताई, शंभर टक्के बरोबर. आकड्यात सांगायचं तर जुन्या टायरचा व्यास साधारण ७४९ मिमी, नव्याचा ८०४. फरक ५५, त्याचा निम्मा म्हणजे २७ मिमी हाउसिंग वर आलं. बस, तेवढंच.

त्याच टायरची ब्रेकवरची किंमतही मोठी आहे. व्यास ७ टक्क्यांनी वाढला, म्हणजे तेवढंच थांबवायला डिस्कला ७ टक्के जास्त जोर लावावा लागतो. वर स्पीडोमीटर कमी दाखवतो. काटा ८०वर असताना गाडी खरं तर ८६च्या आसपास असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे थांबवायची ऊर्जा १५ टक्के जास्त. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून ताडून बघा.

कलमकसाई

कायद्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. दंडापेक्षा हे जास्त महागात जाईल.

गप्पिष्ट_गणोजी

आणि हेडलाइट? पाचगणीच्या रस्त्यावर समोरून उंच गाडी आली की मला पुढचं काहीच दिसत नाही, कडेने चालणारी माणसंसुद्धा नाहीत. गाडी उचलली की दिवे खाली करून घ्या रे बाबांनो. स्क्रू फिरवायचा असतो फक्त.

मेघा_रालेकर

अवांतर होतंय, पण गणोजींच्या मुद्द्यावरून आठवलं. मी नॉर्थ कॅरोलिनात राहते. इथे पिकअपचं पुढचं नाक खूप उचलून मागची बाजू खाली ठेवायची फॅशन होती, 'कॅरोलिना स्क्वाट' म्हणतात. बॉनेट एवढं वर की समोर लहान मूल उभं असलं तरी चालवणाऱ्याला दिसायचं नाही, आणि दिवे थेट आभाळात. १ डिसेंबर २०२१ पासून इथे त्यावर बंदी आली. पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त उंच असेल तर चालत नाही. शेजारच्या साउथ कॅरोलिनानेही २०२३ मध्ये कायदा केला.

माझ्या शेजाऱ्याचा ट्रक अगदी शिवारदादांसारखा तरंगायचा. त्याने स्टिअरिंगचे सगळे सांधे बदलले, फरक शून्य. शेवटी वरचे आर्म बदलून कॅस्टर परत आणला आणि गाडी सरळ झाली.

शिवार_भिलार

सगळ्यांचे मनापासून आभार. मापं घेतली.

पुढे हब ते मडगार्ड ५७५ मिमी. चुलतभावाकडे याच मॉडेलची न उचललेली गाडी आहे, तिचं ४९०. म्हणजे ८५ मिमी उचलली गेली आहे! ५० सांगून ८५. मागे बरोबर ७५.

अलाइनमेंटचा कागद सापडला. कॅस्टर डावीकडे ०.९ अंश, उजवीकडे ०.४. बाजूलाच मूळ मर्यादा छापली आहे, २.५ ते ३.५. लाल रंगात. दोनदा अलाइनमेंट केली आणि दोन्ही वेळा हे मला कुणी दाखवलं नाही. आणि नाचणीताई, तुमचं वाचून अर्धा तास नुसता बसून राहिलो. हाउसिंगचा मुद्दा इतका साधा होता.

अक्षांश_१८

तरंगण्याचं कारण त्या लाल आकड्यात आहे.

मॉलच्या ट्रॉलीचं पुढचं चाक बघा. ते आपल्या खुंटीच्या मागे ओढलं जातं, म्हणून ढकललं की आपोआप सरळ होतं. कॅस्टर गाडीत हेच करतो. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष वरून किंचित मागे कललेला असतो. गाडी उचलली की वरचा आर्म खाली लटकतो, वरचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि तो कल निघून जातो. मग वळणानंतर चाक परत येत नाही आणि हायवेला दिशा धरून राहत नाही. टो कितीही जुळवला तरी हे जात नाही.

शिवाय ८५ मिमी वर गेल्यावर टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा) आणि आर्म इतके तिरके झालेत की खड्ड्यात चाक वरखाली झालं की टो बदलतो आणि गाडी स्वतःच वळू पाहते. स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून 'ठक्' असा आवाज येतो का? चाकाला खाली जायला जागाच उरली नसेल.

शिवार_भिलार

येतो! प्रत्येक स्पीड ब्रेकरला. मला वाटायचं शॉकअप गेले.

नाचणीची_भाकर

मग अर्ध्यावर या. पुढचा स्पेसर २५चा करा, मागचा ठोकळा त्याच प्रमाणात कमी करा. टायर हवे तर ठेवा. सगळंच काढून टाकायला सांगत नाही, पण ८५ची गरज तुमच्या रस्त्याला खरंच आहे का?

मेघा_रालेकर

मी वेगळं म्हणेन. वरचे आर्म बदलले की ८५ला सुद्धा कॅस्टर जुळतो. काम व्यवस्थित केलं तर उंची ठेवता येते.

पाटे_कमान_मिस्त्री

मेघाताई, आर्म बदलून कॅस्टर येतो, मान्य. पर ड्राइव्ह शाफ्टचा कोन, टाय रॉडचा कोन, वर गेलेला वजनाचा मध्य ह्ये कुटं जातंय? तिकडं सरळ रुंद रस्तं. हितं पसरणीच्या वळणाला एका बाजूला बस आन् दुसऱ्या बाजूला कटडा. मी नाचणीताईच्या बाजूनं.

आन् डावीकडं वडनं ऱ्हायलं. दादा, ब्रेकला डावीकडं वडती मंजे डावा चांगला हाय, उजवा काम करंना. उजव्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबनारा भाग) पिना हातानं सरकत्यात का बगा. आन् जॅक लावून चाक मोकळं लटकवा, ब्रेकचा होज, मंजे रबरी पाइप, ताणतोय का त्ये बी बगा. गाडी उचलल्यावर होज आखूड पडत्यात.

शिवार_भिलार

उजवी खालची पिन जाम! रबर फाटलंय, आत चिखल वाळून दगड झालाय. त्या बाजूचे पॅड तिरके झिजलेत. होज चाक लटकवल्यावर ताणून तारेसारखा होतो, आणि एका जागी आर्मला घासून चकाकतोय.

सळी_प्रकरण_अनुभवी

होज आज बदला. उद्या नाही.

कलमकसाई

ब्रेक ऑइलही पूर्ण बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा मुरला की ही मर्यादा १५५वर येते. ऑइल उकळलं तर घाटात पेडल थेट तळाला जाईल. माझा प्रांत कायद्याचा, पण हे मी स्वतः आंबा घाटात भोगलंय.

गप्पिष्ट_गणोजी

दादा, काय झालं पुढे? तीन आठवडे झाले. धागा वर काढतोय.

शिवार_भिलार

माफ करा, स्ट्रॉबेरीचा तोडा चालू होता. सगळं केलंय, सविस्तर लिहितो.

कराडला मिस्त्रींकडेच गेलो. पुढचा स्पेसर २५चा केला, आता उंची मूळपेक्षा ४२ मिमी जास्त. मागे ४० मिमीचा ठोकळा, पाटे हाउसिंगला आवळणारे यू बोल्ट नवे. मिस्त्री म्हणाले, एकदा ताणलेला यू बोल्ट परत वापरायचा नाही. ५०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळून घेतले, एक अर्धा आटा खरंच ढिला झाला होता. सळीचा ब्रॅकेट ४०ने वर घेतला. पिना साफ करून नवी रबरं, दोन्ही बाजूंचे पॅड, लांब होज, डॉट ४. दिवे खाली केले. अलाइनमेंटला मी स्वतः मशीनसमोर उभा राहिलो: कॅस्टर डावीकडे २.६, उजवीकडे २.५. मर्यादेच्या कडेला आहे, पण आत आहे. डिस्क कंपनीचेच ठेवलेत.

स्पेसर बदलायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ५०० किलो खत भरून मोकळ्या रस्त्यावर जीपीएसच्या ६० वेगाने ब्रेक मारून टेपने मोजलं. आधी ३४ मीटर, आता २६. रिकाम्या गाडीत मागची चाकं लॉक होत नाहीत, ओल्या रस्त्यावरही पाहिलं, वेग ३० ठेवून.

कलमकसाई, तुमचा मुद्दा माझ्या मनातून गेलेला नाही. उरलेली उंचीही मे महिन्यात काढणार आहे. तोवर शेतातल्या रस्त्याचा मधला दगड फोडून घेतो, भावकीशी बोलणं झालंय.

काल ट्रे भरून पसरणी उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये. वाईत पेट्रोल पंपावर उतरून चारही चाकांपाशी हात नेला. पुढची गरम होती आणि, पहिल्यांदाच, मागचे ड्रमही गरम होते. वास नाही. मोठी मुलगी विचारत होती, बाबा तुम्ही चाकांना हात का लावताय.

पाटे_कमान_मिस्त्री

मागचं ड्रम गरम मंजे ती बी आता कामाला लागली. यू बोल्ट १००० ला परत दाखवा. येताना एक ट्रे आणा.